मोबाईलचा माग आणि बँकेचा निवाडा

आमच्या एका सभासद बंधूंचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आमच्या हातीं आलें. पत्र लांब आहे व तें सर्व येथें छापण्याचें कारण नाहीं. थोडक्यांत हकीकत अशी कीं, तूर विकून आलेली रक्कम त्यांच्या बचतखात्यावर जमा झाली आणि तिसऱ्याच रात्रीं, घरचीं माणसें निजलेलीं असतांना, चार हप्त्यांनीं एक लाख बेचाळीस हजार रुपये त्या खात्यांतून निघून गेले. पहांटे धार काढून आल्यावर त्यांनीं मोबाईल पाहिला तेव्हां खात्यांत तीनशें सत्तर रुपये उरले होते. अकरा वाजतां बँक उघडली, ते गेले, अर्ज दिला, पोलिसांकडेही जाऊन आले. सहा आठवड्यांनीं बँकेचें उत्तर आलें तें असें: सदरहू व्यवहार ज्या आय. पी. पत्त्यावरून झाले तो आपल्या नेहमींच्या व्यवहारांचाच पत्ता आहे. सबब ते आपण स्वतः केले अथवा आपल्या संमतीनें झाले असें समजण्यांत येत आहे. पत्राच्या शेवटीं बंधू विचारतात, "हा पत्ता म्हणजे कोण, आणि त्यानें माझ्याविरुद्ध साक्ष कशी दिली?"

प्रश्न एका घरापुरता असता तर आम्हीं खाजगी उत्तर पाठवून विषय संपविला असता. परंतु बाजार समितींतील मालाची पट्टी, पीकविम्याची भरपाई, दुधाचें बिल, पी. एम. किसानचा हप्ता हें सारें आतां खात्यावर येतें, आणि खात्याची किल्ली मोबाईलमध्यें असते. ज्या खुणेवरून बँका चोर ओळखूं पाहतात त्या खुणेची खरी किंमत किती, हें शेतकऱ्यास ठाऊक असलें पाहिजे. कारण तीच खूण कांहीं वेळां धन्यासच चोर ठरवूं लागली आहे.

इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर दोन आंकडे लिहिलेले असतात: निरोप कोठें जावयाचा तो एक, आणि उत्तर कोठें परत यावयाचें तो दुसरा. या आंकड्यांसच आय. पी. पत्ता म्हणतात. परतीचा आंकडा खरा नसेल तर उत्तरच मिळणार नाहीं, म्हणून कोणता तरी चालता आंकडा द्यावाच लागतो; आणि बँकेचें यंत्र तो आंकडा व निरोप आल्याची वेळ आपल्या वहींत टिपून ठेवतें. हे आंकडे कोणी मनास येतील तसे घेत नाहीं. जगाचे पांच विभाग करून प्रत्येकास एक नोंदणी-संस्था नेमलेली आहे. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची संस्था एपनिक ही ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें असून, भारतांत निक्सी या संस्थेच्या व्यवस्थेखालीं आंकड्यांचे गट्ठे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांस दिले जातात. कोणता गट्ठा कोणास दिला याची नोंद कोणासही पाहतां येते. मात्र ही नोंद सात-बाराच्या उताऱ्यासारखी आहे. उताऱ्यावरून कब्जेदाराचें नांव कळतें. काल रात्रीं त्या शेतांत कोण उभा होता हें कळत नाहीं.

गट्ठा अमुक कंपनीचा आहे एवढ्यावरून गांवही कळत नाहीं. म्हणून कांहीं व्यापारी कंपन्या निरनिराळ्या पुराव्यांवरून अंदाज बांधून मोठे कोश तयार करतात व ते बँकांस आणि दुकानदारांस विकतात. अमुक आंकडा अमुक देशांतील, अमुक शहराजवळचा, अमुक प्रकारच्या कंपनीचा, असें त्यांत लिहिलेलें असतें. जुन्या माणसांस टपालाचा शिक्का आठवत असेल. पाकिटावर नगरचा शिक्का असला म्हणजे पत्र नगरच्या पेटींत पडलें एवढें समजावें. लिहिणारा नगरचाच आहे, किंवा पाकिटावर ज्याचें नांव आहे त्यानेंच तें लिहिलें आहे, हें शिक्का सांगत नाहीं. आमच्या मतें या साऱ्या विषयाचें मर्म त्या शिक्क्यांत आहे.

शिक्का निरुपयोगी मात्र नव्हे, आणि आम्ही त्याची निंदा करण्यास बसलों नाहीं. ज्या खातेदाराचे व्यवहार वर्षानुवर्षें एका तालुक्यांतून होत आले, त्याच्या खात्यावर सकाळीं दहा वाजतां लातूरकडून आणि दहा वाजून वीस मिनिटांनीं दुसऱ्या खंडांतून मागणी आली, तर दोहोंपैकीं एक खोटी आहे हें समजावयास मोठी विद्या लागत नाहीं. एका पत्त्यावरून तासाभरांत शंभर निरनिराळ्या खात्यांची कुलुपें चांचपून पाहिलीं गेलीं, तर तेथें कोणी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला आहे हें उघड आहे. कांहीं आंकडे घरांचे किंवा मोबाईलचे नसतातच. ज्या मोठ्या गोदामांत हजारों संगणक भाड्यानें मिळतात तेथले ते असतात. शेतकरी आपल्या खात्याची शिल्लक पाहण्यास अशा गोदामांत सहसा जात नाहीं. मोबाईलमधील घड्याळ एका देशाचें व पत्ता दुसऱ्या देशाचा, कार्डाचें बिल एका देशांत व माल मागविणारा दुसऱ्यांत, हीही विसंगतीच होय. अशा खुणा एकत्र करून यंत्र प्रत्येक व्यवहारास गुण देतें व गुण फार वाईट पडल्यास व्यवहार थांबवितें. यामुळें पुष्कळ चोऱ्या होण्यापूर्वींच अडल्या असतील यांत आम्हांस शंका नाहीं. टेलिफोनच्या बाबतींतही असाच उपाय झाला आहे. परदेशांतून लावलेला पण मोबाईलवर भारतीय क्रमांक दाखविणारा फोन देशाच्या वेशीवरच अडविण्याची यंत्रणा दूरसंचार खात्यानें ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू केली. ती आपण सर्वांनीं मागावी अशीच होती.

परंतु शिक्क्यावर विसंबून निकाल दिला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आमच्याच धंद्यांतील एका कुटुंबाचें आहे. कुटुंब अमेरिकेतलें असलें म्हणून काय झालें? शेतकऱ्याच्या दारांत पोलीस उभा राहिला म्हणजे बायकामुलांस वाटणारी भीति सर्वत्र सारखीच.

कॅन्सस हें अमेरिकेच्या मध्यभागीं असलेलें गव्हाचें राज्य. तेथें एका वृद्ध बाईंच्या मालकीची ३६० एकरांची, पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्यांत चालत आलेली जमीन आहे. या जमिनीवरील घरीं चालू शतकाच्या आरंभानंतर थोड्याच वर्षांत विचित्र पाहुणे येऊं लागले. कधीं पोलीस पळून गेलेल्या मुलांचा शोध घेत येत, कधीं केंद्र सरकारचे अंमलदार, कधीं करखात्याचे लोक. आत्महत्या करूं पाहणाऱ्या माणसास वांचविण्यासाठीं रुग्णवाहिकाही आल्या. कोणी इंटरनेटवर फसविला गेला कीं चोराचा पत्ता शोधीत रागानें तेथेंच येई, अगर तेथें फोन करी. एकानें तर मोडकें शौचपात्र आणून दारांतल्या वाटेवर टाकलें. घरांत भाड्यानें राहणाऱ्या शेतकरी कुटुंबास आपला काय गुन्हा आहे हें कळेना, आणि तेथल्या शेरीफास या घराकडे येणाऱ्या लोकांस परतवून लावणें हें एक कामच होऊन बसलें.

उलगडा २०१६ सालीं एका पत्रकार बाईंनीं केला. मॅक्समाइंड नांवाची कंपनी वर सांगितलेल्या प्रकारचा कोश विकते. एखादा आंकडा अमेरिकेंतील आहे एवढेंच कळे, पण शहर कळत नसे, तेव्हां कंपनीला कोठें तरी टिंब ठेवावयाचें होतें. तिनें देशाचा मध्य धरला. खरा मध्य सुमारें ३९ अंश ५० कला उत्तर व ९८ अंश ३५ कला पश्चिम असा अवघड आंकड्यांत येतो, म्हणून सोयीसाठीं ३८ व ९७ असे पुरे आंकडे घेतले. या दोन रेषा जेथें छेदतात तेथें त्या बाईंचें अंगण होतें. साठ कोटींहून अधिक आय. पी. पत्ते त्या एका अंगणांत येऊन पडले! कोशांत "ठाऊक नाहीं" हें उत्तर लिहावयाचें, त्या ठिकाणीं एका शेतकऱ्याचें घर लिहिलें गेलें, आणि वाचणारांनीं तो अंदाज आहे हें न पाहतां त्यास उत्तर मानलें. बभ्रा झाल्यावर कंपनीनें तें टिंब उचलून एका तलावाच्या मध्यभागीं नेऊन ठेवलें. भाडेकरू कुटुंबानें त्याच वर्षीं कोर्टांत फिर्यादही केली. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें तिच्या कोशाचा असा घरापर्यंत जाऊन उपयोग करावा असा तिचा हेतूच नव्हता. हेतु कांहींही असो. चूक कोशाची आणि खेटे शेतकऱ्याच्या दाराला, असा तो प्रकार झाला.

आतां आपल्याकडे या. जुन्या पद्धतीचे आय. पी. आंकडे सर्व जगांत मिळून सुमारें ४२९ कोटी. माणसें आठशें कोटींहून अधिक. जगाच्या मध्यवर्ती कोठारांतील आंकडे फेब्रुवारी २०११ मध्यें संपले व आशियाच्या कोठारांत त्याच वर्षींच्या एप्रिलमध्यें शेवटची राखीव पेंढी उरली. नव्या पद्धतीचे आंकडे विपुल आहेत व आपल्या देशांत ती पद्धत बरीच पसरलीही आहे; परंतु पुष्कळ व्यवहार अद्याप जुन्या आंकड्यांवरच चालतात. तेव्हां मोबाईल कंपन्यांनीं युक्ति काढली ती एका विहिरीवर सारी वस्ती पाणी भरते तशी. एकाच आंकड्यामागें एकाच वेळीं शेंकडों, कधीं हजारों ग्राहक असतात. बाहेरून पाहणाराला विहीर दिसते, घागर कोणाची तें दिसत नाहीं. शिवाय मोबाईलचा निरोप कंपनीच्या मोठ्या केंद्रावरून इंटरनेटवर बाहेर पडतो. त्यामुळें आमच्या तालुक्यांतला शेतकरी यंत्रास मुंबईंत किंवा दुसऱ्याच शहरांत बसलेला दिसतो, आणि आज जो आंकडा त्याचा तो उद्यां दुसऱ्याचा असतो.

याचा त्रास दोन्ही अंगांनीं होतो. आमच्याच एका भगिनीनें ठिबकच्या नळ्या व फिल्टर इंटरनेटवरून मागविले, पैसे देतांना व्यवहार तीन वेळां नाकारला गेला. कारण विचारतां, मागणी एका ठिकाणची व माल दुसऱ्या ठिकाणीं, एवढेंच उत्तर मिळालें. ऐन लागणीच्या आठवड्यांत नळ्या आल्या नाहींत. शहरांतल्या गिऱ्हाइकाच्या घरीं तारेनें येणारें स्थिर इंटरनेट असतें, त्याचा पत्ता बहुधा योग्य शहराचा दिसतो व त्याचें काम विनातक्रार होतें. खेड्यांतला माणूस मोबाईलवर अवलंबून, म्हणून यंत्राच्या नजरेंत तो जात्याच संशयित. असा कोणी मुद्दाम नियम केलेला नाहीं हें आम्ही जाणतों. परिणाम मात्र तोच होतो.

दुसरें अंग याहून भयंकर आहे. २००७ सालीं पुणे पोलिसांनीं इंटरनेटवरील एका आक्षेपार्ह मजकुराच्या तपासांत बंगळूरच्या एका तरुण संगणक-तंत्रज्ञास पकडलें. आधार काय, तर मजकूर ज्या आय. पी. पत्त्यावरून आला तो त्याचा आहे असें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें कळविलें. माहिती चुकीची होती. हें सिद्ध होऊन सुटेपर्यंत त्या निरपराध तरुणानें येरवड्याच्या तुरुंगांत सुमारें पन्नास दिवस काढले. प्रकरण पैशाच्या फसवणुकीचें नव्हतें, पण साक्षीदार तोच होता.

इथपर्यंत आम्ही चुकांविषयीं बोललों. लबाडीची गोष्ट निराळी. चोरासही ठाऊक आहे कीं बँक शिक्का पाहते. मग तो शिक्काच विकत घेतो. मे २०२४ मध्यें अमेरिकेच्या न्यायखात्यानें '९११ एस ५' या नांवाचें एक प्रचंड जाळें मोडलें. हें जाळें चालविणारांनीं फुकटच्या व्ही. पी. एन. ॲपांतून लोकांच्या संगणकांत गुप्तपणें शिरकाव केला होता. ज्यानें तें ॲप घेतलें त्याच्या घरचा आंकडा पैसे भरणाऱ्या कोणाही भामट्यास भाड्यानें मिळे. सुमारें दोनशें देशांतील एक कोटी नव्वद लाखांहून अधिक आय. पी. पत्ते असे भाड्यास लागलेले होते. भामटा बसे कोठेंही. बँकेस व सरकारास मात्र तो ओहायोमधील एखाद्या सज्जन गृहस्थाच्या घरांतून बोलतो आहे असें दिसे. करोनाच्या काळांत बेकारांसाठीं जी मदत दिली गेली, तिच्यावर या आंकड्यांवरून केलेले पांच लाख साठ हजार खोटे दावे अमेरिकन सरकारच्या हिशेबीं आले आणि त्यांत ५९० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली. दूरच्या पत्त्यास संशयित व जवळच्या पत्त्यास विश्वासू मानणारी जी परीक्षा, तिच्यांतून हे दावे पार झाले, ते जवळचे पत्ते उसने घेऊनच.

आमच्या पत्रलेखक बंधूंच्या बाबतींत याहूनही सोपा मार्ग चोरांनीं काढला असावा असें आम्हांस वाटतें. पत्राच्या कडेला उभ्या ओळींत त्यांनीं लिहिलें आहे कीं, त्या आठवड्यांत गांवच्या व्हॉट्सॲप गटावर पी. एम. किसानच्या नांवानें एक फाइल आली होती व हप्ता अडूं नये म्हणून त्यांनीं ती उघडली. असल्या फाइलींतून मोबाईलमध्यें ॲप बसतें, आणि एकदां सर्व परवानग्या दिल्या कीं तें आलेले संदेश वाचूं शकतें, ओ. टी. पी. दुसरीकडे पाठवूं शकतें, पडद्यावर बोट फिरविल्याप्रमाणें कामही करूं शकतें. दुसऱ्याच्या मोबाईलचा ताबा दुरून देणाऱ्या ॲपांच्या अशा दुरुपयोगाबद्दल रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालींच बँकांस सावध केलें होतें. अशा वेळीं पैसे पाठविण्याचा हुकूम खुद्द शेतकऱ्याच्याच मोबाईलमधून निघतो. मग पत्ता त्याचा नेहमींचाच दिसणार, दुसरा कोणता दिसणार? चोरानें घरांत शिरून घरच्याच टेलिफोनवरून बोलावें आणि टेलिफोन खात्यानें घरधन्यास सांगावें कीं, फोन तुमच्या घरून झाला, सबब तुम्हीच बोललां. बँकेचा तर्क याहून निराळा आम्हांस दिसत नाहीं.

पत्ता परका असता तर बँकेनें तो शेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा मानला असता काय? मानला असता तर ठीकच. परंतु पत्ता ओळखीचा निघाला एवढ्यावरून त्याच्या विरुद्ध निकाल होत नाहीं. न्यायाचा हा अगदीं पहिला धडा बँकेच्या त्या खात्यानें गिरवलेला दिसत नाहीं. शिवाय इतर खुणा तिच्या वहींत होत्याच. या खात्यावरून रात्रीं दोन वाजतां पूर्वीं कधीं व्यवहार झाला होता काय? ज्या चार ठिकाणीं पैसे गेले त्यांतील एक तरी नांव जुनें होतें काय? सबंध शिल्लक एका तासांत उपसण्याची या माणसाची चाल होती काय? बंधूंच्या पासबुकाची प्रत आमच्यासमोर आहे. तीनही प्रश्नांचें उत्तर नाहीं असें आहे. एक खूण त्याच्या विरुद्ध व तीन त्याच्या बाजूच्या असतां बँकेनें एकच उचलली.

रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं काढलेलें परिपत्रक या ठिकाणीं आठवावें. खातेदाराच्या परवानगीवांचून इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला तर जबाबदारी कोणाची, हें त्यांत ठरविलें. आणि खातेदार जबाबदार आहे हें सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. 'समजण्यांत येत आहे' या शब्दांनीं तो भार उतरत नाहीं. तसेंच, सप्टेंबर २०२५ मध्यें काढलेल्या व १ एप्रिल २०२६ पासून अंमलांत आणावयाच्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेनें असें म्हटलें आहे कीं, व्यवहार पारखतांना त्याचें ठिकाण, खातेदाराची नेहमींची रीत, मोबाईलचीं लक्षणें आणि जुना इतिहास यांचा विचार बँकांस करतां येईल. ठिकाण हें त्या यादींत आहे खरें, पण एकटें नाहीं.

आमच्या बंधूंची बाजू पूर्ण निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. त्याच परिपत्रकांत असेंही आहे कीं, खातेदाराच्या निष्काळजीपणानें, म्हणजे त्यानें आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यासारख्या कारणानें नुकसान झालें, तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचेंच. फाइल उघडणें हें माहिती देण्यासारखेंच आहे असें आमच्या कार्यकारी मंडळांतील दोघां सभासदांचें मत पडलें. आम्हांस तें पटत नाहीं. ओ. टी. पी. तोंडानें सांगणारा मनुष्य निदान कांहीं तरी देतों आहों हें जाणतो; सरकारी हप्त्याची म्हणून फाइल उघडणारा काय देतो हें जाणत नाहीं, आणि तिला सरकारी नांव लावून फसविणें हीच तर चोराची कला. तरीही हा वाद करण्याजोगा आहे. बँकेनें तो वाद केला असता तर आम्हीं तिचें उत्तर आदरानें वाचलें असतें. तिनें तो केलाच नाहीं. पत्त्याकडे बोट दाखवून ती मोकळी झाली.

याच्या उलट टोकाचें मतही आमच्या कानीं आलें आहे. कांहीं मंडळी म्हणतात, जिल्ह्याबाहेरचा पत्ता दिसला कीं व्यवहार सरसहा बंद करावा, म्हणजे चोरी राहणार नाहीं. वर सांगितलेल्या ठिबकच्या नळ्यांची गोष्ट त्यांनीं पुन्हां वाचावी. पुण्यास शिकावयास गेलेला मुलगा, ऊसतोडीस कोल्हापुराकडे गेलेलें कुटुंब, पंढरीच्या वाटेवर असलेला वारकरी, हे सारे त्या नियमानें चोर ठरतील. आणि खरा चोर जवळचा पत्ता भाड्यानें घेऊन सुखरूप आंत येईल.

आम्हांस हवें तें इतकेंच. पत्ता विसंगत दिसला तर व्यवहार थोडा वेळ थांबवावा व खातेदारास मराठींत बोलणाऱ्या माणसाकडून फोन करून विचारावें. तसेंच पत्ता ओळखीचा पण चाल अनोळखी, असें असेल तरी थांबवावें. रात्रीं दोन वाजतां सारें खातें उपसलें जात असतां सकाळपर्यंत दम धरल्यानें कोणाचें काय बिघडतें? नाकारल्यास कारण लेखी द्यावें. आणि पत्त्याचा पुरावा खातेदाराविरुद्ध वापरावयाचा असेल तर तो अर्धा देऊं नये: आंकडा, त्याबरोबरचा पोर्ट क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ, आणि ती वेळ भारतीय कीं ग्रिनिचची, हें सर्व द्यावें. एका आंकड्यामागें हजार ग्राहक असतां पोर्ट क्रमांकावांचून त्यांतला एक निवडतां येत नाहीं. आणि साडेपांच तासांचा फरक नजरचुकीनें राहिला तर निवडलेला मनुष्य भलताच निघतो.

वाचकांनीं आपल्या बाजूनें करावयाचें तें घाईचें आहे. पैसे गेल्याचें दिसतांक्षणीं, बँक उघडण्याची वाट न पाहतां, १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार तेथून संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यांत थांबलेले असतील तर तेथें अडवितां येतात. आमच्या बंधूंनीं पहांटे साडेपांचास पाहिलें व अकरा वाजतां बँकेची पायरी चढले. मधले साडेपांच तास चोराला मिळाले. मोबाईलचें इंटरनेट लगेच बंद करावें, पण मोबाईल पुसून नवा करूं नये, कारण तें घातकी ॲप हाच आपला साक्षीदार असतो. फुकटचें व्ही. पी. एन. अगर गटावर आलेली फाइल बसविलेली असेल तर तें तक्रारींत लपवूं नये. बँकेकडे व पोलिसांकडे एक अर्ज असा द्यावा कीं, या व्यवहारांच्या सर्व नोंदी जपून ठेवाव्या. संगणक-सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिनें २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें अशा नोंदी १८० दिवस ठेवण्याचें बंधन घातलें आहे. सहा आठवडे बँकेच्या उत्तराची वाट पाहण्यांत गेले म्हणजे त्यांतले बेचाळीस दिवस संपलेच.

बंधूंच्या वतीनें आम्हीं बँकेस दुसरा अर्ज केला आहे. त्यांत पोर्ट क्रमांक, वेळा, पैसे घेणाऱ्या चार खात्यांची माहिती व मागील दोन वर्षांतील रात्रींच्या व्यवहारांचा उतारा मागितला आहे. ठरलेल्या मुदतींत समाधानकारक उत्तर न आल्यास प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईल. त्याचे कागद तयार करून ठेवले आहेत. मोबाईल तालुक्याच्या पोलीस ठाण्यांत जमा आहे. ज्या इतर सभासदांस बँकेकडून असेंच 'नेहमींच्या पत्त्याचें' उत्तर आलें असेल त्यांनीं त्या पत्राची प्रत संस्थेच्या कचेरींत आणून द्यावी. अर्ज एकत्र करतां येतील.